रंगाच्या बादलीतलं झाड

सोलापूरकडून कोकणात बिरवाडीला राहायला आलो तेव्हा आषाढ चालू होता आणि भाड्याच्या घरामागचं परसू हिरवंगार माजलं होतं. नवरा कारखान्यात रुजू झाला, मी परसात. माझ्या हाताला गुण नाही, हे सासरी सर्वमान्य होतं. माझ्याकडे तुळससुद्धा टिकत नसे. इथे एक तरी झाड जगवून त्याचा फोटो सासूबाईंना पाठवायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

पण मला एकही झाड ओळखेना. मोबाइलमधलं झाडं ओळखणारं अ‍ॅप धरून मी चिखलात ओणवी फिरू लागले. अळू निघालं, हळद निघाली. ज्याला मी आठवडाभर पपई म्हणत होते, ते सुरण निघालं. एका लालसर, रसरशीत देठाच्या रोपाचा मात्र पत्ता लागेना. अ‍ॅप सोमवारी त्याला मिरची म्हणालं, मंगळवारी तुळशीची बहीण. मग हेच माझं, असं मी ठरवलं. पाच रोपं उकरून रंगाच्या रिकाम्या बादल्यांत लावली, काठ्यांना बांधली, शेंगपेंडेचं पाणी पाजलं. शेजारच्या काकू रोज कुंपणावरून त्यांची तब्येत विचारत आणि पदर तोंडाला लावून ऐकत. मला वाटे, बाई भारावल्यात.

भाद्रपदात गुलाबी फुलं आली. मी अंगणात अक्षरशः नाचले. सासूबाईंना फोटो पाठवला, त्यांनी नुसता अंगठा पाठवला. त्यांच्या मानाने तेही पुष्कळ होतं.

गौरी यायच्या दिवशी काकू म्हणाल्या, गौर आणायला चल. आमच्याकडे गौरी म्हणजे पितळी मुखवटे, ट्रंकेतून काढायचे नि चिंचेने घासायचे. त्या आणायला बाहेर कुठे जातात, ते कळेना. तरी नवी साडी नेसून निघाले. ओढ्याच्या वळणावर पोचलो आणि मी थबकले. सगळा उतार गुलाबी होता. माझं झाड बांधावर, गटारात, कुणाच्या पन्हळीतसुद्धा फुललेलं होतं.

“तेरडा,” काकू म्हणाल्या. तेरड्याची म्हण मी शाळेत पाठ केली होती, झाड कधी पाहिलं नव्हतं. आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की नवी बाई बादलीत रान वाढवतेय. मी बांधावर बसून हसतच सुटले, मग सगळ्या बायका हसल्या. सांगितलं का नाही, म्हणून मी काकूंना विचारलं.

“एवढी हरखली होतीस गो. कोण सांगणार?”

इथे गौर म्हणजे हाच तेरडा. बाकीच्यांनी तो उपटून सुपात घेतला. काकू मात्र रिकामं सूप घेऊन परतल्या आणि थेट माझ्या परसात शिरल्या. सर्वांत उंच रोपापुढे उभ्या राहून म्हणाल्या, “डोंगरभर तेरडा हाय, पण इतका लाड झालेला नाय. आमची गौर हितनं नेऊ?”

गौर मुळासकट न्यावी लागते. माझ्या हातून जगलेलं हे पहिलं झाड. खरं सांगते, क्षणभर नको म्हणावंसं वाटलं. मग मी वाकून ते बुंध्याशी धरलं. मूळ तुटू देऊ नको, असं काकू हळूच बजावत होत्या. एक पिकली शेंग फटकन फुटली, बिया मनगटावर उडाल्या आणि झाड अलगद वर आलं. काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, घरात तूच आण, पण वाटेत बोलायचं नाय. चाळीस पावलं मी गप्प राहिले, हा माझा विक्रम आहे.

संध्याकाळी माझं झाड हिरवी साडी नेसून, नथ घालून काकूंच्या गणपतीशेजारी उभं होतं. मी सासूबाईंना फोटो पाठवला. या वेळी अंगठा आला नाही, फोनच आला.

“ही तुझ्या हातची?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. पलीकडे बांगड्या वाजल्या, आणि त्यांनी हात जोडलेत हे मला कळलं.