जाऊन येते

व्हँकुव्हरला उतरले तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती, ती मी परत निघेपर्यंत थांबली नाही. "डोंगर कुठे गं?" मी गाडीत विचारलं. "आहेत ना आई, ढगांच्या मागे," मंजिरी म्हणाली. ही माझी लेक, व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामला राहते. मी नागपूरहून डोंगर पाहायला आले आणि खिडकीत बसून ढग मोजले.

तिच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू होती, हारुका. मूळची जपानची, आइस हॉकीतली गोलरक्षक. कोवळ्या वयात खेळासाठी इथे आलेली, आता तिशी उलटलेली, गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालेलं. दिवसा ग्रोसरीत काम करायची. यंदा इथल्या संघाने निवडलं नाही तर व्हिसाही संपणार होता.

रोज सकाळी निघताना ती रिकाम्या खोलीकडे वळून काही पुटपुटायची. मला वाटलं, देवाचं असेल. "इत्तेकिमास" (जाऊन येते), तिने सांगितलं.

"अगं, आमच्यातही 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात! पण खोलीत तर कोणी नाही."

"घरच्यांनी 'जाऊन ये' म्हणायचं असतं," ती म्हणाली. "इथे कोणी म्हटलं नाही अजून."

दुसऱ्या दिवसापासून मीच जिन्यावरून ओरडायला लागले, "ये गं!" खालून उत्तर यायचं, "येते!" थालीपीठ मात्र ती सोया सॉस घालून खायची. मी तिकडे बघायचेच नाही.

निवडीच्या दिवशी आम्ही रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) गेलो. मी शाल घेऊन गेले होते. दात वाजायला लागले. चकती जाळ्यात गेली तशी मी जोरात टाळ्या वाजवल्या. मंजिरीने माझे हात धरले. "आई, स्टॉप! ती गोली आहे. गोल झाला म्हणजे तिचं गेलं!"

हारुकाने वर पाहिलं. त्यानंतर ती डावीकडे झेपावली आणि गुडघ्यावरून वेळेत उठलीच नाही. पुन्हा चकती आत गेली. मग पुन्हा. तिच्याहून लहान दिसणाऱ्या प्रशिक्षकाने येऊन तिचा खांदा थोपटला. मंजिरी हळूच म्हणाली, "झालं आई. दे'ल लेट हर गो. काढतील तिला."

ती जपानला परत निघाली त्या दिवशी पायांची जाड पॅडं बॅगेत मावेनात. ती तिने कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली, पावसातच. टॅक्सी आली. मी जिन्यावरून सवयीने म्हटलं, "ये गं!"

तिने कमरेत वाकून नमस्कार केला. "जाते," म्हणाली.

असं म्हणू नये, हे ओठांवर आलं होतं. पण ती चुकली नव्हती. दोन्ही शब्दांतला फरक मीच तिला समजावला होता.

नागपूरला परतले. शेजारी डोंगरांचं विचारतात. दिसले नाहीत, मी सांगते. घरात मी एकटीच असते. परवा भाजीला निघताना कुलूप लावलं आणि तोंडातून गेलं, "येते हं." आतून कोण बोलणार? पिशवी घेऊन मी दारातच उभी राहिले. एवढी वर्षं त्या पोरीने ही शांतता रोज सकाळी कशी ऐकून घेतली असेल?