जठारपेठेतल्या कूलरची शिट्टी

मे महिन्यात अकोल्याला कोण जातं, असं बायकोने विचारलं. मी जातो! पिशवीत मी स्वतः बनवलेला सहा पात्यांचा पंखा होता आणि कधी एकदा तो लावून बघतो असं झालं होतं. जठारपेठेतल्या शांतामावशीचा छोटा कूलर शिट्टी मारतो. कानातल्या मशीनमधून ती शिट्टी थेट डोक्यात घुसते, म्हणून कूलर लागला की मावशी मशीन काढून ठेवते. मग उन्हाळ्याच्या अख्ख्या दुपारी तिला कुणाचंच काही ऐकू येत नाही. मला याचं फार वाईट वाटायचं.

अमरावतीत गिलावडा हाणून सकाळची एसटी धरली. तुम्हीही उन्हं चढायच्या आत अकोला गाठा. रस्ता झकास आहे, मूर्तिजापूरला चहा मिळतो. शेजारच्या काकूंनी पिशवीत डोकावून विचारलं, "पाते असे कमी-जास्त कावून बसवले?" मी खुललोच. पाती सारख्या अंतरावर असली की हवेला एकाच ठेक्यात धक्के बसतात आणि शिट्टी वाजते. अंतरं कमी-जास्त केली की ठेका मोडतो, शिट्टीची नुसती सळसळ होते. मात्र समोरासमोरची पाती एका रेषेत हवीत, नाहीतर पंखा थरथरतो. काकू मूर्तिजापूरला उतरल्या, बहुधा सुटका म्हणून.

मावशीकडे रस आणि कुरडया. त्यावर झोप लागली नसती तर नवल. उठून पंखा कूलरमध्ये बसवला, बटण दाबलं, तर तीच शिट्टी! मावशीचा हात लगेच कानाकडे गेला. माझा चेहराच उतरला. मावशीचे यजमान, आमचे काकाजी, शाळेत चित्रकला शिकवायचे. वाकडं काही त्यांना बघवत नाही. ते शांतपणे म्हणाले, "पाते वाकडे बसले होते तुये. मी कोनमापक लावून नीट करून देले."

मी जाम वैतागलो. मग सगळं समजावल्यावर त्यांनीच कोनमापक घेऊन तितक्याच काटेकोरपणे पाती पुन्हा कमी-जास्त बसवली. बटण दाबलं. वारा तेवढाच, आवाजही फार कमी नाही, पण शिट्टी गायब! मी आनंदाने टाळीच वाजवली. मावशीने मशीन कानातच ठेवलं. काकाजी सवयीने पेपर वाचत काहीबाही बोलत होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काहो, तुमी दुपारी येवढे बोलता?"

"रोजच बोलतो," काकाजी म्हणाले.

अमरावतीला परतलो तरी ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. परवा दुपारी मुद्दाम फोन लावला, पण दोघांपैकी कुणीच उचलला नाही. संध्याकाळी मावशीचाच आला. कुठे होतात, मी काळजीने विचारलं.

"घरीच," ती म्हणाली. "आमी बोलून राहिलो होतो."