प्रश्न विचारून झाल्यावर

गडचिरोलीच्या कॉलेजांत नव्या प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणं हे माझं काम. मला स्वतःला मात्र घडीभर गप्प बसवत नाही. वनस्पतिशास्त्राच्या एक तरुण मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "सर, सिरोंच्याकडची, तेलंगणाच्या सीमेवरची मुलं तोंडच उघडत नाहीत. मी आता प्रश्न विचारणंच सोडते."

त्यांच्या वर्गात बसून पाहिलं, तर प्रश्न विचारून त्या लगेच स्वतःच उत्तर देत होत्या. मी त्यांना पाण्याची मोठी बाटली दिली. "प्रश्न विचारला की पाणी प्यायचं. सावकाश."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शेवटच्या बाकावर. "साग उन्हाळ्यात पानं का गाळतो?" मॅडमनी बाटली तोंडाला लावली. मुलं वह्यांत बघू लागली. माझे पाय बाकाखाली नाचू लागले. उत्तर अगदी ओठांवर आलं, तसा मी रुमाल तोंडात कोंबला.

शेजारचा मुलगा कुजबुजला, "काऊन सर, तब्येत बरी नाई का?"

बाटली संपत आली तेव्हा सिरोंच्याची एक मुलगी बिचकत उठली. "मॅडम, अर्धं तेलुगूत सांगू का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात रुमाल होता.

"सांग," त्या म्हणाल्या. "मला नाही कळलं तर मी विचारीन."