खालांनी परत मागितलेल्या उश्या

आमच्या गल्लीतल्या एकाही बाळाचं डोकं वाकडं राहिलेलं नाही, असा खालांचा दावा होता आणि तो खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. जुन्या नाशकात आमच्या शेजारी राहून त्या शिवणकाम करायच्या. बाळ कुणाच्याही घरचं असो, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली त्यांची उशी बारशाआधी पोचायचीच. सोबत दोन्ही बाजूंना लावायला छोटे लोड आणि मऊ दुलई. मी बाळंतपणाला माहेरी आले, तर उशी माझ्याआधी घरात हजर होती.

कापड मात्र धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलच हवं. नवं आणलं की म्हणायच्या, "याची पिशवी शीव, बाळाला टोचेल." तुमच्या उश्यांपायी गल्लीतल्या फोडण्या बंद पडतील, असं आई त्यांना चिडवायची.

त्यांच्या लेकीची, शबानाची मुलगी माझ्या मुलीहून थोडी मोठी. तिच्यासाठी खालांनी सगळ्यांत मऊ बिछाना शिवला होता. शबाना तिला घेऊन मालेगावला सासरी गेली आणि एका दुपारी झोपलेली ती पोर उठलीच नाही. पालथी होती, तोंड खालांच्या उशीत. डॉक्टर म्हणाले, नक्की कशानं गेली ते सांगता येणार नाही. पण बाळाला नेहमी उताणं झोपवावं, घट्ट, सपाट गादीवर, आणि जवळ उशी, लोड, दुलई काही ठेवू नये. शबाना आईला एका शब्दानं बोलली नाही. खालांना तेच सोसेना.

मालेगावहून परतल्यावर त्या घरोघर जाऊन उश्या परत मागू लागल्या. काहींना ते अपशकुनी वाटलं, काहींनी दारातूनच टाळलं. आमची पोरं अशाच उश्यांवर वाढली, असं माझ्या आईनंही सांगून पाहिलं.

"तुमची वाढली भाभी, अल्लाची मेहेरबानी. माझी गेली ना," खाला म्हणाल्या.

मी मुलीच्या डोक्याखालची उशी काढली, लोड उचलले, दुलई घडी करून दिली. अंथरूण अगदी उघडंबोडकं दिसायला लागलं. खालांनी ते हातानं दाबून पाहिलं, मुलीला उताणं निजवलं. निघताना मला हळूच विचारलं, "बेटी, माझ्या उशीनंच गेली असेल का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

यंदा शबानाला मुलगा झाला. आपला हात त्या बाळाला लागायला नको, म्हणून खाला जायला तयार नव्हत्या. शेवटी शबानाच येऊन त्यांना घेऊन गेली. माहेरी आले आणि त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की अजून चुकल्यासारखं होतं.

परवा दुपारी फोन केला, तर कुजबुजत बोलल्या. बाळ झोपलं होतं आणि त्या शेजारी बसून त्याचं पोट वरखाली होताना बघत होत्या. शबाना कुठे आहे, मी विचारलं.

"बाजारात गेली," त्या म्हणाल्या. "त्याला माझ्यापाशी ठेवून गेली."