प्राची बोलली, तेव्हा माझा माईक बंद होता

जय भीम दोस्तांनो. आज दुपारी मस्कतच्या कामगार कॅम्पवरून ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका करिअर कोच मॅडमना कॉल केलेला. माझी बहीण प्राची यंदा बारावी झाली, तिला नर्सिंगला घालायचं ठरवलेलं. तीपण दिवा गावातल्या आमच्या घरून कॉलवर होती.

मी नववीत शाळा सोडलेली, पण इथल्या पोरांना सल्ले देत असतो. म्हणून आधी माझंच विचारलं, "मॅडम, तुमच्यासारखं व्हायला काय लागतं?"

"पदवी, समुपदेशनाचा कोर्स, नोकऱ्यांची माहिती," मॅडम म्हणाल्या. "आणि गप्प बसून ऐकता यायला हवं. बघा जमतंय का. माईक बंद करा."

मी हसत बंद केला.

"प्राची, तुला नर्सिंग आवडतं का गं?"

ती बोलेचना. मला वाटलं, आपणच सांगून टाकावं. मॅडम मात्र शांत थांबल्या.

मग ती म्हणाली, "नाही. रक्त बघूनच मला चक्कर येते. पण दादा माझ्या नर्सिंगसाठी तिकडे राहिलाय. मी नाही म्हटलं, तर तो उगाच गेला असं होईल ना?"

मॅडम म्हणाल्या, "दादा, आता बोला."

माईक चालू केला, तर प्राचीच आधी बोलली.

"दादा, रागावलास का रे?"

"नाही गं," एवढंच म्हटलं आणि ड्युटीचं कारण सांगून कॉल ठेवला.

"तुझ्यासाठीच आलोय इकडे," हे मी तिला रोज सांगायचो. लाडाने.

घरापासून लांब राहणाऱ्यांनो, आता तिला काय सांगू, की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल?