फुलं देवाला, मग करवंदं कुठली?

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज सकाळी शेजारच्या काकू पातेलं घेऊन दारात. "लोणच्याला करवंदं द्या की. यंदा झुडपाला लई कमी दिसतेत. पाणी घालत न्हाय का?"

पाणी! आमच्याकडं नळ येतो चार दिवसांआड. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी ओतून मी ते झुडूप जगवलंय. ते पांढऱ्या फुलांनी भरलं, तेव्हा रोज पहाटे कुंपणातून हात घालून परडी कोण भरत होतं? ह्याच काकू! नको म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "देवालाच वाहते की!"

आज मीही म्हटलं, "काकू, फुलं ज्याला वाहिलीत, त्याच्यापुढंच पातेलं धरा."

आता गल्लीभर सांगत सुटल्यात, मी देवाला बोलले म्हणून.

तुमच्याही गल्लीत आहे का हो असा, चोरीच्या फुलांना पावणारा देव?