‘कळलं नाही’ म्हणायला शिकवणाऱ्या हिरेमठ बाई

सोलापुरात सात रस्त्याला एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत हिरेमठ बाई मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवत. नवीन कोणी दारात आलं की त्या हसून, अगदी गोड आवाजात, भराभर इंग्रजीत काहीतरी विचारत. आलेला माणूस गोंधळायचा, मग तोही हसायचा आणि मान हलवून ‘येस मॅडम’ म्हणायचा. त्यावर बाई शांतपणे मराठीत सांगत, ‘‘मी विचारलं, तुमच्या चपलेत विंचू आहे काय. तुम्ही होय म्हणालात.’’

सगळा वर्ग हसायचा, कारण प्रत्येकानं कधी ना कधी तशीच मान हलवलेली असायची. मीसुद्धा. मी तर शिकायला नव्हे, शिकवायला आले होते. दिवसा एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि संध्याकाळी बाईंना मदतनीस हवी आहे असं कळलं म्हणून भेटायला गेले होते. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते, बाईंचं वाक्य मला नीट ऐकू आलं नाही, आणि तसं सांगायची लाज वाटून मी होय म्हणून टाकलं. बाई म्हणाल्या, ‘‘बस. तुलापण पहिल्या धड्यापासूनच सुरू करावं लागतंय.’’

त्यांचा पहिला धडा म्हणजे दोन वाक्यं. मला कळलं नाही. कृपया हळू बोला. पहिला आठवडाभर वर्गात दुसरं काही नसे. माणसं कंटाळत. कापडदुकानातला एक सेल्समन व्याकरण कधी शिकवणार म्हणून रोज विचारायचा. बाई त्याला सांगत, ‘‘व्याकरण कुठं पळून जात नाही. आधी कळलं नाही म्हणायला शिका. बाकीचं मागनं येतंय.’’

हे त्यांच्याकडे आलं होतं ते लहानपणातून. बाई अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या. घरात फक्त कानडी. वडिलांनी त्यांना सोलापूरला मामाकडे ठेवून मराठी शाळेत घातलं. बाईंना मराठीचा गंध नव्हता, म्हणून गुरुजी काहीही बोलले की त्या मान हलवत. एकदा पाण्याचा माठ फुटला. गुरुजींनी विचारलं, तू फोडलास का? बाईंनी मान हलवली आणि दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. ‘‘फोडला दुसऱ्यानं. उन्हात मी,’’ असं सांगताना त्या इतक्या हसत की डोळ्यांतून पाणी यायचं. पण आपल्या वर्गात ओढणीच्या टोकाशी चाळा करत मान हलवणारी एखादी बाई दिसली की त्यांचं हसू थांबायचं.

रेणुका तशीच आली होती. भवानी पेठेत राहायची, घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायची. नवरा श्रीनिवास आखातात बांधकामावर होता. मुलगी इंग्रजी शाळेत जायला लागली आणि पालकसभेला तू येऊ नकोस म्हणाली. रेणुका रडली नाही, तिनं वर्गात नाव घातलं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजाऱ्यांशी हिंदी बोलणारी ही बाई इंग्रजी म्हटलं की मात्र गप्प व्हायची. हिरेमठ बाई तिच्या वाक्याची वाट बघत बसायच्या. कितीही वेळ लागो, शब्द पुरवायच्या नाहीत आणि दुसऱ्या कोणाला पुरवू द्यायच्या नाहीत. खिडकीही लावून घेऊ द्यायच्या नाहीत. ‘‘बाहेर तुमच्यासाठी कोण आवाज बंद करणार आहे? ह्याच गोंधळात बोला.’’ दिवाळीपर्यंत रेणुका पालकसभेला जाऊन आली. तिथं काय बोलली विचारलं, तर म्हणाली, ‘‘जास्त काय नाय. हळू बोला म्हटलं, तर मॅडम हळू बोलल्या की.’’

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती एकदा वर्गाला उशिरा आली. हातात पिशवी नव्हती, वही नव्हती. दारातच खाली बसली. तिच्या फोनवर आखातातल्या कुठल्याशा दवाखान्यातून फोन आला होता. एक बाई भराभर बोलली. रेणुकाला फक्त नवऱ्याचं नाव कळलं आणि ‘गॉन’. ती हळू बोला म्हणेपर्यंत फोन कट झाला. श्रीनिवासचा फोन बंद, त्याच्या खोलीतला जोडीदार उचलत नव्हता. घरी सांगितलं असतं तर सासूनं टाहो फोडला असता, म्हणून ती थेट इकडे आली होती.

‘‘गेला म्हणाली ती बाई,’’ रेणुका म्हणाली. ‘‘गॉन म्हणजे गेला ना?’’

गॉनचे दुसरे अर्थ मला माहीत होते, पण त्या क्षणी एकही तोंडातून निघेना. मी फोनसाठी हात पुढे केला. बाईंनी तो माझ्याआधी घेतला, दवाखान्याचा नंबर लावला, लागेना, पुन्हा लावला. रिंग वाजू लागल्यावर त्यांनी स्पीकर लावला आणि फोन रेणुकाच्या हातात परत दिला. मला त्यांचा राग आला. ही काय धडा घ्यायची वेळ होती?

पलीकडून एक परिचारिका घाईत बोलू लागली. रेणुकाचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग रेणुका म्हणाली, ‘‘स्लो प्लीज. आय ॲम वाइफ. आय नॉट अंडरस्टँड.’’

पलीकडचा आवाज थांबला आणि खरोखरच हळू झाला.

‘‘ही इज लिव्हिंग?’’ रेणुकानं विचारलं.

‘‘येस, येस. लिव्हिंग.’’ मग एकेक शब्द सुटा करत ती सांगत गेली. पाय मोडला होता. मघाशी ‘गॉन’ म्हणाली ते त्याला ऑपरेशनसाठी नेलं म्हणून. ऑपरेशन झालं, आता झोपलाय, उद्या बोलेल. मी श्वास सोडला. पण रेणुकानं फोन ठेवला नव्हता.

‘‘व्हिच लेग?’’ तिनं विचारलं.

डावा. ते ऐकून तिनं थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, आणि मग वर्गभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडली. रडता रडता मध्येच हसत होती. सेल्समन चहा आणायला धावला. वर्गात चहा चालत नसे, पण त्या दिवशी बाईंनी दोन कप घेतले.

श्रीनिवास काठी टेकत घरी आला, हळूहळू चालू लागला. ही गोष्ट मी पुढे अनेकांना सांगितली. आणीबाणीतही शिष्याला स्वतः बोलायला लावणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट म्हणून. माझ्या हातून तसं कधी होणार नाही याचं दडपण मात्र मनात राहिलं.

गेल्या वर्षी बाईंचे गुडघे जिना चढू देईनात. धारवाडला बहिणीकडे जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी खोली आवरताना मी त्यांना विचारलं, तेव्हा इतकी खात्री कशी होती की रेणुका बोलेल?

बाई खुर्चीवर टेकल्या. ‘‘खात्री कसली गं? मी घाबरले होते. फोन मी घेतला असता आणि वाईट ऐकलं असतं, तर तिला मराठीत मीच सांगायचं होतं. ते मला जमलं नसतं. म्हणून दिला तिच्या हातात.’’

मला हसू आलं, मग एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं ज्या धैर्याला मी भीत होते ते तिथं नव्हतंच. माझ्यासारखीच एक घाबरलेली बाई होती, आणि तरीही सगळं नीट झालं होतं.

आम्ही बाहेर आलो. बाईंनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

‘‘माझं झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता तू घाबर.’’